पाँटून बोटीच्या नळ्यांवरचे डाग: धुवावे किती, घासावे किती?

तळेकाठ (मिनेसोटा) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मागच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही एक जुनी पाँटून बोट विकत घेतली. खाली ॲल्युमिनियमच्या दोन लांब नळ्या आणि त्यांवर सपाट मंच, अशी ही बावीस फुटी, २००९ सालची बोट आधीच्या मालकांकडे मिनेटोंका तळ्यात दर वर्षी मे ते ऑक्टोबर सलग पाण्यातच उभी असायची. सध्या ती आमच्या अंगणात ट्रेलरवर आहे. बर्फ वितळू लागले आहे आणि तळे मोकळे व्हायला अजून तीन-चार आठवडे आहेत, तेवढ्यात नळ्यांचे काम उरकावे असा विचार आहे.

नळ्यांवर तीन वेगवेगळे डाग दिसतात. पाण्याच्या रेषेवर वीतभर रुंदीचा पिवळट-तपकिरी पट्टा आहे, तो नखाने खरवडला तर थोडासा निघतो. त्याखाली सगळीकडे काळपट करड्या रंगाचे ढगासारखे पसरलेले डाग आहेत, ते हाताला मुळीच लागत नाहीत. अगदी तळाशी मात्र पांढरे, खडूच्या भुकटीसारखे ठिपके आहेत आणि तिथे हात फिरवला की खरखरीत लागते. एका जागी जुनी चिकटपट्टी निघाली, तर तिच्याखाली दोन बोटे रुंदीचा भाग नव्या ताटासारखा लखलखीत निघाला. तो पाहिल्यापासून सगळी नळी तशीच व्हावी असे मनात आहे.

एका शेजाऱ्यांनी सांगितले की आम्ल फवारा आणि धुऊन टाका, पाच मिनिटांचे काम आहे. दुसरे म्हणतात की ग्राइंडरवर बफिंगचे चाक लावून आरशासारखी करा. माझ्या सासूबाई सध्या सांगलीहून इथे आल्या आहेत. त्यांनी नळीला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर जर्मलचं पातेलं आहे, चिंच लाव की." नक्की काय करावे आणि कोणत्या क्रमाने करावे, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी कृपया सांगावे.

जुना धातू (पुणे)

ताई, तुमच्या सासूबाईंनी रोगही ओळखला आणि औषधही. मी धातुशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. बोट चालवलेली नाही, पण ॲल्युमिनियमशी चाळीस वर्षे संबंध आला, म्हणून फक्त धातूपुरते बोलतो.

ॲल्युमिनियमचा ताजा पृष्ठभाग हवेत उघडा पडला की त्यावर तत्काळ ऑक्साइडचा थर धरतो. तो जेमतेम काही नॅनोमीटर जाड असतो, पण आतला धातू त्याच्यामुळेच टिकतो. आसपासच्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) साधारण ४ ते ९ च्या दरम्यान असेल तोवर हा थर शाबूत राहतो. त्याहून आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी काही लागले की तो विरघळतो आणि खालचा धातू खाल्ला जाऊ लागतो. आपल्याकडे ॲल्युमिनियमच्या कुकरच्या तळाच्या पाण्यात लिंबाची फोड किंवा चिंचेचे बुटूक टाकतात ते याचसाठी. नळाच्या क्षारयुक्त पाण्याला उकळी आली की ते अल्कधर्मी होते आणि कुकर आतून काळा पडतो, लिंबाच्या आम्लाने ते टळते. याउलट जर्मलच्या भांड्याला धुण्याचा सोडा लावला तर ते काळवंडते, हे घरोघरी माहीत आहे.

आता तुमचे तीन डाग. पिवळट-तपकिरी पट्टा हा धातूचा विकार नाही. पाण्यातले चुन्याचे क्षार, शेवाळ आणि कुजलेल्या पानांचा रंग एकावर एक बसत गेलेले ते पूट आहे आणि सौम्य आम्लाने ते सुटते. काळपट ढग म्हणजे जाड झालेला, क्षार आणि मळ मुरलेला ऑक्साइडचा थर. तो दिसायला वाईट आहे, पण धातूला त्यापासून अपाय नाही. पांढऱ्या भुकटीकडे मात्र लक्ष द्या. ते क्षरण आहे. तिथला ऑक्साइडचा थर फुटलेला आहे आणि धातू आत खड्ड्याखड्ड्यांनी झिजतो आहे. ते ठिपके नेमके कुठे आहेत, विखुरलेले आहेत की एखाद्या ओळीत, ते बघून कृपया सांगा. माझे पुढचे सांगणे त्यावर अवलंबून आहे.

दहा हजार तळी (मिनेसोटा)

नमस्कार. मी सेंट क्लाउडजवळ राहतो. आमच्याकडून थोड्याच अंतरावर रिचमंड नावाचे गाव आहे. तिथल्या अँब्रोझ वीरेस या शेतकऱ्याने १९५२ मध्ये पोलादी पिंपांच्या दोन रांगा जोडून त्यांवर लाकडी मंच ठेवला आणि पाँटून बोटीची सुरुवात तिथून झाली, असे मानतात. पोलादाला रंग द्यावा लागायचा आणि तरी गंज धरायचा. ॲल्युमिनियम आल्यावर ती कटकट गेली. आपल्या नळ्या करड्या दिसतात म्हणून आपण हळहळतो, पण तो करडेपणाच त्यांचे कवच आहे, हे पुण्याच्या सरांनी सांगितलेच आहे.

मी गेली बारा वर्षे दर शरद ऋतूत नळ्या धुतो, म्हणून धुण्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट वेळेची. बोट पाण्याबाहेर काढली त्याच दिवशी, नळ्या ओल्या असतानाच प्रेशर वॉशरने धुतल्या तर निम्म्याहून अधिक पूट रसायनाशिवाय निघून जाते. तेच एकदा वाळले की सिमेंटसारखे धरते. तुमचे वाळलेले आहे, त्यामुळे या वर्षी आम्लाशिवाय भागणार नाही, पण येत्या ऑक्टोबरमध्ये हे लक्षात ठेवा. आत्ता हवाही थंड आहे. पारा १० अंश सेल्सिअसच्या खाली असताना आम्लाचे काम फार मंद होते, मग माणूस अधीर होऊन तीव्र द्रावण वापरतो आणि तिथे चूक होते. दुपारी १५ अंशांच्या आसपास तापमान राहील असा ढगाळ दिवस येईपर्यंत थांबा.

आधी कोरड्या नळ्यांवरून प्लॅस्टिकची पट्टी फिरवून झेब्रा शिंपल्यांचे अवशेष काढा. मिनेटोंकात हे शिंपले २०१० पासून आहेत आणि ते धाग्यांनी नळीला चिकटतात, शिंपला पडला तरी धाग्यांचा बुंधा राहतो. लोखंडी पट्टी वापरू नका. मग साबणाच्या पाण्याने नळ्या स्वच्छ धुवा, कारण तेलकट थर असेल तर आम्ल खालपर्यंत पोचतच नाही.

आम्ल कोणते घ्यावे? बाजारात पाँटून क्लीनर म्हणून जे मिळते त्यात बहुधा फॉस्फोरिक, ऑक्झॅलिक किंवा सायट्रिक आम्ल असते. काहींत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. डब्याची मागची बाजू वाचा आणि ही दोन नावे दिसली तर डबा परत ठेवा. त्याने नळी झटक्यात पांढरी होते हे खरे, पण हायड्रोफ्लोरिक आम्ल कातडीतून आत शिरते, वेदना कधी कधी काही तासांनी सुरू होते आणि तोवर ते शरीरातल्या कॅल्शियमवर चालून गेलेले असते. घरच्या अंगणात ते वापरण्याइतके कोणत्याच डागाचे महत्त्व नाही. सायट्रिक आम्ल म्हणजे तुमच्या घरातले लिंबूसत्त्वच. पट्टा कोवळा असेल तर तेही पुरते.

आता कृती. मागच्या बाजूला, आतल्या अंगाला, कोणाला दिसणार नाही अशी तळहाताएवढी जागा घ्या. तिथे डब्यावर लिहिलेल्यापेक्षा दुप्पट पातळ केलेले द्रावण लावा आणि दोन-तीन मिनिटांनी धुऊन वाळू द्या. रंग एकसारखा उजळला तर तेच प्रमाण ठेवा. पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल घालावे, आम्लात पाणी कधीही ओतू नये. खरे काम सुरू करताना नळी आधी पाण्याने भिजवा आणि द्रावण खालून वर लावत जा. वरून फवारले की ओघळ खाली धावतात आणि कोरड्या मळावर ते जिथून गेले तिथे फिकट रेघा उमटतात. त्या रेघा पुढे निघत नाहीत, माझ्या पहिल्या वर्षीच्या अजून दिसतात. एका वेळी चार-पाच फुटांचाच भाग घ्या. एकाने लावावे, मऊ ब्रशने चोळावे, आणि दुसऱ्याने पाइप हातात धरून उभे राहावे. द्रावण नळीवर वाळता कामा नये, हा सगळ्यांत मोठा नियम. शेवटी भरपूर पाण्याने धुवा. सांध्यांत आणि कोपऱ्यांत आम्ल राहू नये म्हणून मी खाण्याच्या सोड्याचे पातळ पाणी एकदा फिरवतो आणि तेही लगेच धुऊन टाकतो.

ट्रेलर जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर त्यावर प्लॅस्टिक टाका, आम्ल जस्ताला खाते. बाजूच्या रंगीत पट्ट्या, स्टिकर आणि चकचकीत कठडे यांवरही थेंब पडू देऊ नका. रबरी हातमोजे, बंद चष्मा आणि लांब बाह्या हव्यातच. आणि हे काम तळ्याच्या काठावर करू नका. रस्त्याकडेच्या गटारातले पाणी आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रक्रिया न होता थेट तळ्यात जाते, आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळाचे खाद्य. आपल्या राज्याने हिरवळीच्या खतातल्या फॉस्फरसवरही कायद्याने बंधन घातले आहे ते याच कारणासाठी. गवतावर, गटारापासून दूर, असे धुवा.

मिशिगनकर

वरचा प्रत्येक शब्द पटला, कारण मी नेमके उलटे केले होते. चार वर्षांपूर्वी जुलैच्या भर दुपारी, नळ्या हात लावता येऊ नये इतक्या तापलेल्या असताना, मी फरशी धुण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल असलेले द्रावण फवारले. पहिल्या मिनिटात पट्टा नाहीसा झाला आणि मी खूश झालो. पाइप आणायला वळलो तेवढ्यात ते वाळले. धुतल्यावर नळीवर दुधाळ पांढरे नकाशे उमटले, प्रत्येकाला स्पष्ट कड असलेले. नंतर दोन आठवडे संध्याकाळी पॉलिश पेपर घेऊन बसलो, तरी उन्हे तिरपी झाली की त्या कडा आजही दिसतात.

आणखी एक चूक सांगून ठेवतो. काळे डाग निघेनात म्हणून मी तारेची घासणी वापरली. लोखंडाचे बारीक तुकडे ॲल्युमिनियममध्ये रुतून बसले आणि सप्टेंबरपर्यंत प्रत्येक तुकड्याभोवती तांबूस गंजाचा ठिपका तयार झाला. घासायचेच तर नायलॉनची घासणी घ्या. पितळी किंवा तांब्याची तारही चालत नाही, ती तर लोखंडापेक्षा वाईट.

तळेकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुण्याच्या सरांनी विचारले होते म्हणून आज टॉर्च घेऊन ट्रेलरखाली आडवी झाले. ठिपके विखुरलेले नाहीत. दोन्ही नळ्यांच्या तळाशी सरळ लांब पट्ट्यांत आहेत, आणि त्या पट्ट्या बरोबर ट्रेलरच्या लाकडी फळ्यांवर येतात. फळ्यांवर गालिच्याचे कापड ठोकलेले आहे. ते अजून ओले होते आणि दाबले तर पाणी येत होते. एका टोकाला कापड फाटले आहे, तिथून दिसणारे लाकूड किंचित हिरवट आहे. पांढरी भुकटी पुसल्यावर खाली टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसले, त्यांतल्या काहींत नख अडकते.

जुना धातू (पुणे)

मला हीच शंका होती, ताई. ओल्या कापडाखाली हवा पोचत नाही, त्यामुळे फुटलेला ऑक्साइडचा थर पुन्हा धरू शकत नाही. ओल मात्र महिनोन्‌महिने टिकते. त्यात ते हिरवट लाकूड म्हणजे बहुधा कीड लागू नये म्हणून तांब्याची संयुगे मुरवलेले लाकूड आहे. तांबे पाण्यात उतरून ॲल्युमिनियमवर बसते आणि तिथे प्रत्येक कण एका छोट्या विद्युतघटासारखे काम करतो, ज्यात झिजण्याची पाळी ॲल्युमिनियमची असते. म्हणजे तुमच्या बोटीचे सर्वाधिक नुकसान तळ्यात झालेले नाही, ट्रेलरवर झाले आहे.

तेव्हा चकाकीचा विचार थोडा बाजूला ठेवा आणि आधी हे करा. बोट जॅकवर उचलून घ्या, फळ्या बदला, तांबे न मुरवलेले लाकूड वापरा किंवा फळीवर कापडाऐवजी जाड प्लॅस्टिकची पट्टी बसवा. नळीच्या पत्र्याची जाडी अशा बोटींत बहुधा दोन ते तीन मिलिमीटर असते, म्हणून नख अडकणारा खड्डा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. नळीचा बुचाचा मार्ग असेल तर जाणकाराकडून आत अगदी कमी दाबाची, म्हणजे दोन-तीन पीएसआयपेक्षा (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) जास्त नाही अशी हवा भरून बाहेरून साबणाचे पाणी लावून घ्या. कुठे बुडबुडा आला तर तिथे ॲल्युमिनियमचे जोडकाम करणारा वेल्डरच हवा. त्या जागेवर बफिंगचे चाक फिरवू नका, आधीच पातळ झालेला पत्रा आणखी पातळ होईल.

मांडवीतीर (गोवा)

एक छोटी भर घालतो. आमच्याकडे खाऱ्या पाण्यात बोटीला जस्ताचे ठोकळे लावतात, धातूऐवजी ते झिजावेत म्हणून. ते पाहून गोड्या पाण्यातही कोणी जस्त लावतात, पण तिथे जस्तावर पूट धरते आणि ते काम करेनासे होते. तळ्यासाठी मॅग्नेशियमचे ठोकळे घ्यावेत. तेच मॅग्नेशियम खाऱ्या पाण्यात मात्र फार भराभर संपते. ठोकळ्यावर रंग देऊ नका. धक्क्यावर विजेची तार जोडून बॅटरी भरत असाल तर तारेतून गळती नाही ना, हेही तपासा. नळ्यांच्या तळाला कधी रंग द्यायचा ठरवलात तर तांबे असलेला शेवाळरोधक रंग ॲल्युमिनियमला चालत नाही, हे दुकानदाराला आवर्जून सांगा.

चकाकी (टेक्सस)

मी ट्रकांची ॲल्युमिनियमची चाके पॉलिश करण्याचे काम करतो आणि स्वतःची वीस फुटी पाँटूनही केली आहे. आरशासारखी चकाकी हवी असणाऱ्यांना मी आधी एकच विचारतो, की दर वर्षी हे काम करण्याची तयारी आहे का? पॉलिश केलेला पृष्ठभाग म्हणजे कवच काढून उघडा केलेला धातू. पाण्यात उभ्या राहणाऱ्या बोटीवर तो एका मोसमात पुन्हा मंद होतो. म्हणून माझे मत असे की पाण्याच्या रेषेखाली फक्त धुवावे. बाहेरून दिसणारी वरची बाजू आणि पुढचे निमुळते नाक, एवढेच पॉलिश करावे.

ते करताना पॉलिश पेपर पाण्याने ओला ठेवून ४०० नंबरने सुरुवात करा, मग ६००, ८०० आणि १०००. खोल ओरखडे असतील तरच ३२० घ्या. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदला, म्हणजे आधीच्या रेघा पूर्ण गेल्या की नाही ते दिसते. घाईने पुढच्या नंबरवर गेलात तर शेवटच्या चकाकीत त्या रेघा हमखास वर येतात. त्यानंतर वेग कमी-जास्त करता येणाऱ्या ग्राइंडरवर कापडी चाक लावा, वेग मिनिटाला दोन-अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास ठेवा. आधी चाकाला लावायच्या तपकिरी पॉलिश कंपाऊंडची वडी, मग वेगळ्या चाकावर हिरवी किंवा पांढरी. एकाच चाकावर दोन कंपाऊंड कधीही नकोत. नळीवर काळी साय येऊ लागली की काम होत आहे असे समजा. चाक एका जागी थांबवू नका, पत्रा तापून तिथे डाग पडतो. उरलेला काळेपणा काढायला मैदा भुरभुरवून मऊ सुती कापडाने पुसा, त्याच्यासारखे दुसरे काही नाही. नाकाला चांगला मास्क हवा. पॉलिशची कोरडी धूळ एका जागी साचू देऊ नका, ॲल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेते.

पॉलिशनंतर ॲसिटोनने पुसून पारदर्शक संरक्षक लेपाचे दोन पातळ हात द्या. त्याशिवाय सगळी मेहनत ऑगस्टपर्यंतच टिकते. माझ्या बोटीला आम्हा दोघांना चार शनिवार-रविवार लागले, ते धरून चाला.

तळेकाठ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. बोट जॅकवर घेतली, जुन्या फळ्या काढल्या आणि नवीन साध्या लाकडावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवल्या. हवेची चाचणी एका वेल्डरकडून करून घेतली. डाव्या नळीला मागून तिसऱ्या हातावर एक बारीक बुडबुडा निघाला, तिथे जोड दिला. उजवी नळी ठीक आहे.

रविवारी ढगाळ हवेत धुण्याचे काम केले. मी द्रावण लावत होते, नवरा पाइप धरून होता. मागच्या बाजूची एक वीतभर जागा मात्र सासूबाईंनी आधीच मागून घेतली होती. त्यांनी कोमट पाण्यात चिंच कोळून कापडाने लावली, दहा मिनिटे ओली ठेवली आणि नारळाच्या काथ्याने हळुवार चोळली. वाळल्यावर बाजूच्या फॉस्फोरिक आम्लाने धुतलेल्या भागाशी ताडून पाहिले, तर तपकिरी पट्टा दोन्हीकडे सारखाच गेला होता. काळे ढग चिंचेने थोडेच फिके झाले, आम्लाने बरेच. उरलेले ढग आता तसेच ठेवायचे ठरवले आहे. पॉलिश फक्त दोन्ही नाकांना करणार आहे, तेही जूनमध्ये. ४०० आणि ६०० चे कागद आणून ठेवले आहेत. पहिल्या नाकाला हात घालण्यापूर्वी एक शंका आहे: नळी आणि नाक यांच्यामधल्या वेल्डच्या उंचवट्यावर कागद कसा फिरवावा? तिथे हाताने घासावे की तो भाग सोडून द्यावा?

चकाकी (टेक्सस)

वेल्डला कागद लावू नका, ताई. दोन्ही बाजूंनी बोटभर जागा सोडून निळी चिकटपट्टी लावा आणि पट्टीपर्यंतच घासा. वेल्डवर शेवटी फक्त हिरवे कंपाऊंड लावलेले कापड हाताने चोळा. जोडाची जाडी कमी करायची नाही.